टाकाऊ टायर : राख की रबर?

(महाड येथे उद्योजक व कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



महाड आणि पोलादपूर हे घाटांच्या पायथ्याचे तालुके. पोलादपुराहून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढते, तर मुंबई-गोवा महामार्ग कशेडीमार्गे खेडकडे जातो. अशा रस्त्यांवर टायर लवकर झिजतात आणि पंक्चरच्या दुकानांमागे त्यांचे ढीग साचतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साठून डेंग्यूचे डास वाढतात. हेच टायर कोणी पेटविले की विषारी धूर वस्तीवर पसरतो.

हे रबर वितळवून पुन्हा का वापरता येत नाही? १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह रबर तापविण्याची युक्ती सापडली. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतो. म्हणून टायर उन्हात चिकट होत नाही, थंडीत तडकत नाही. मात्र हाच गुण पुनर्वापराच्या आड येतो.

त्यावर मार्ग आहे. टायरचा भुगा करून लोहचुंबकाने पोलादी तारा वेगळ्या करतात. भुग्यात तेल व रसायने मिसळून तो बंद पात्रात वाफेच्या दाबाखाली तापवितात. गंधकाचे बंध काही अंशी तुटतात. मग रुळांतून दाबून त्याचे पत्रे काढतात. हेच ‘रिक्लेम रबर’. १९७४ साली स्थापन झालेल्या जीआरपी या कंपनीचा असा एक कारखाना आपल्या सोलापुरातही आहे.

येथे अतिशयोक्ती नको. या प्रक्रियेत मूळ साखळ्याही तुटतात; म्हणून हे रबर ताज्या रबराइतके मजबूत नसते. नव्या टायरच्या मिश्रणात ते थोडेच चालते, पायपुसण्यांत वा चटयांत अधिक. रबराचा भुगा डांबरात मिसळून रस्तेही होतात. आणि ज्या टायरचा सांगाडा शाबूत आहे, त्याचे रिमोल्डिंग करणे केव्हाही श्रेयस्कर.

२०२२ च्या केंद्रीय नियमांनी वापरलेल्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी नव्या टायरच्या उत्पादकांवर व आयातदारांवर टाकली. तेल काढण्यासाठी परदेशातून टाकाऊ टायर आणण्यासही मनाई झाली. परंतु कायदा दिल्लीत होतो, टायर आपल्या दारात पडतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत असा उद्योग कोणी काढणार असेल, तर त्याचे स्वागत करावे. पण त्याचा धूर व सांडपाणी यांचा हिशेब आधी मागावा. हवा वाचविण्यासाठी सावित्रीचे पाणी नासवणे हा शहाणपणा नव्हे.

तोवर प्रत्येकाने आपल्या गावातील ढिगांची मोजदाद करावी, ते छपराखाली ठेवण्यास दुकानदारांना मदत करावी आणि नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांशी त्यांची गाठ घालून द्यावी. जाळणाऱ्याला चार रुपये जादा मिळतात म्हणून टायर देऊ नये. त्या चार रुपयांची किंमत आपल्या मुलांची फुप्फुसे चुकवितात.