मेघातील ठेव : ग्राहकांचे अनुभव आणि आपले कर्तव्य

(शिक्षक, पंचायत सचिव व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गोव्यात कागद टिकविणे किती अवघड आहे, हे येथे जमलेल्यांना मी सांगावयास नको. चार महिन्यांचा पाऊस, भिंतींना येणारी ओल आणि कपाटात शिरणारी वाळवी यांच्याशी झुंज देतच आपल्या शाळांची रजिस्टरे, पंचायतींची इतिवृत्ते आणि घरोघरचे जमिनींचे कागद टिकून राहिले आहेत. त्यामुळे कागदाची प्रतिमा काढून ती दूरच्या सुरक्षित ठिकाणी ठेवता येते, असे कळले तेव्हा आपणां सर्वांस हायसे वाटले. या सोयीस ‘क्लाऊड स्टोरेज’ म्हणतात. आज मी तिला मेघसंचय म्हणणार आहे. या सोयीचा जगभरच्या ग्राहकांना काय अनुभव आला आणि त्यातून आपण कोणता बोध घ्यावा, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाव मेघ असले तरी आपले कागद आकाशात जात नाहीत. ते कोणत्या तरी गावी, कोणत्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी मालकीच्या यंत्रांवर ठेवलेले असतात. त्या इमारतीला आग लागू शकते, तिचा मालक धंदा बंद करू शकतो, आणि तिच्या दाराची किल्ली आपल्याच हातून हरवू शकते. ग्राहकांचे बहुतेक कटू अनुभव या तीन गोष्टींतून किंवा आपल्याच अज्ञानातून उद्भवलेले आहेत.

सोयीचा अनुभव

तथापि सोयीची बाजू आधी सांगणे न्यायाचे होईल. या क्षेत्रातील ‘ड्रॉपबॉक्स’ ही प्रसिद्ध कंपनी २००७ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिचे एक संस्थापक ड्र्यू ह्यूस्टन बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाले असता पेनड्राइव्ह घरीच विसरले, आणि त्या चुटपुटीतून त्यांना ही कल्पना सुचली. आपल्यापैकी कितीजणांनी कचेरीच्या दारात पोहोचल्यावर ‘कागद घरी राहिला’ म्हणून कपाळाला हात लावला असेल! २०१२ साली ‘गूगल ड्राइव्ह’ ही सेवा सुरू झाली आणि ही सोय सर्वसामान्यांच्या हाती आली. आज फोन समुद्रात पडला तरी त्यातील छायाचित्रे नव्या फोनवर परत मिळतात, परगावी गेलेल्या मुलाला घरबसल्या दाखला पाठविता येतो, आणि एकाच पाठ-टाचणावर चार शिक्षक चार ठिकाणांहून काम करू शकतात. हा लाभ लहान नाही.

एका शाळेची हकीकत

आता दुसरी बाजू. ती सांगताना मला माझाही दोष कबूल करावा लागेल.

माझ्या परिचयाच्या एका शाळेची जुनी रजिस्टरे वाळवीने पोखरली होती. पाने हाताळली की तुकडे पडत. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा मीच सल्ला दिला की, पानांच्या प्रतिमा काढून मेघसंचयात ठेवा म्हणजे कायमची चिंता मिटेल. दोन शिक्षकांनी दिवाळीची सुटी खर्चून ते काम पुरे केले. शाळेचे स्वतंत्र खाते नव्हते, म्हणून सर्व प्रतिमा तेथील लिपिकाच्या खाजगी खात्यात ठेवल्या गेल्या आणि इतरांना त्या पाहण्याची मुभा देण्यात आली. काम झाले या समाधानात मूळ पानांची निगा राखण्याकडे दुर्लक्ष झाले.

पुढे लिपिक बदलून गेले. त्यांच्या खात्यातील जागा भरली तेव्हा त्यांनी जुने साहित्य पुसून टाकले. शाळेकडे स्वतःची प्रत असणारच, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. परंतु शाळेजवळ जी होती ती प्रत नव्हे, त्याच ठेवीकडे उघडणारी ती एक खिडकी होती. पुसलेल्या वस्तू काही दिवस कचरापेटीत राहतात आणि मग कायमच्या नाहीशा होतात. ती मुदत उलटून गेल्यावर गावातील एक वृद्ध बाई जन्मतारखेच्या दाखल्यासाठी शाळेत आल्या, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. रजिस्टराचे ते पान वाळवीने खाल्ले होते आणि त्याची प्रतिमाही उरली नव्हती. सुदैवाने शाळेच्या स्मरणिकेसाठी काही पाने छापखान्यास दिली होती व ती छापखानदाराच्या संगणकावर शिल्लक होती. त्यांत त्या बाईंचे नाव निघाले. बाकीची पाने मात्र गेली ती गेलीच.

या हकीकतीत सेवा देणाऱ्या कंपनीचा दोष तिळमात्र नव्हता. ‘कायमची चिंता मिटेल’ हे माझे वाक्य चुकीचे होते.

मालकाने अट बदलली तर

ज्याचे कोठार त्याच्या अटी, हा दुसरा अनुभव आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली आपल्या सशुल्क वर्गणीदारांना ‘वनड्राइव्ह’वर अमर्याद जागा देऊ केली. काही ग्राहकांनी मर्यादेबाहेर साठा केला, असे कारण देऊन सुमारे एका वर्षाने, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ती सवलत मागे घेतली गेली, आणि विनामूल्य जागाही १५ गिगाबाइटवरून ५ वर आणण्याचे ठरले. ग्राहकांनी मोठी तक्रार केली तेव्हा कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, व मुदतीत मागणी नोंदविणाऱ्या जुन्या ग्राहकांची १५ गिगाबाइट जागा कायम ठेवली. ज्यांनी पत्रच वाचले नाही त्यांना ती मिळाली नाही.

गूगलच्या छायाचित्र-सेवेत २०१५ पासून एका ठराविक प्रतीची छायाचित्रे हवी तितकी विनामूल्य ठेवता येत असत. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे १५ गिगाबाइटच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. त्याच जागेत आपली ई-पत्रेही असतात, त्यामुळे जागा भरली की पत्रे येणेही थांबते. शिवाय दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती पुसून टाकण्याचे धोरण त्या कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. परदेशी गेलेल्या किंवा दिवंगत झालेल्या नातलगाच्या खात्यात घरातील छायाचित्रे असतील, तर ही गोष्ट लक्षात ठेवावी.

काही कोठारे तर बंदच झाली. अमेरिकेतील ‘निर्वाणिक्स’ या कंपनीने सप्टेंबर २०१३ मध्ये आपल्या ग्राहकांना, सुमारे दोन आठवड्यांत सर्व साहित्य हलवा, असे कळविले. ‘उबुंटू वन’ २०१४ साली आणि ‘अॅमेझॉन ड्राइव्ह’ २०२३ च्या अखेरीस बंद झाली. शेवटच्या दोघांनी पुरेशी मुदत दिली होती. परंतु मुदतीचा उपयोग सूचना वाचणाऱ्यालाच होतो.

येथे कायद्याचा एक मुद्दा सांगतो. आपल्या देशातील ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेची जी व्याख्या आहे, तीतून विनामूल्य दिलेली सेवा वगळलेली आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवेविषयी तक्रार असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. फुकटच्या जागेत ठेवलेल्या वस्तूबद्दल ग्राहक म्हणून आपली बाजू दुबळी राहते.

आग आणि चूक

तिसरा अनुभव अपघातांचा. १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’ या कंपनीची पाच मजली यंत्रशाळा जळून खाक झाली. जीवितहानी झाली नाही, परंतु ज्यांची मूळ प्रत व राखीव प्रत एकाच ठिकाणी होती अशा ग्राहकांचे सर्वस्व गेले. अशा एका ग्राहकाने राखीव प्रतीसाठी वेगळे पैसे भरले होते. २०२३ साली न्यायालयाने त्यास भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई मिळाली तरी कागद मिळाले नाहीत.

येथे उपस्थित असलेल्या अधिकारीवर्गाने दक्षिण कोरियाचे उदाहरण विशेष मनावर घ्यावे. तेथील शासनाने कर्मचाऱ्यांसाठी ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा स्वतःचा मेघसंचय उभारला होता. काही खात्यांत तर सर्व कामकाज त्यातच ठेवण्याचा दंडक होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील शासकीय संगणक-केंद्रात विद्युत्‌घटांना आग लागली आणि ८५८ टेराबाइट इतका साठा नष्ट झाला. साठा फार मोठा म्हणून त्याची प्रत दुसरीकडे ठेवलेलीच नव्हती. ज्या खात्याने आज्ञा शब्दशः पाळली, त्याचेच सर्वांत अधिक नुकसान झाले.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीचे. मे २०२४ मध्ये गूगलच्या यंत्रणेतील एका चुकीमुळे या निधीचा तेथील खाजगी मेघसंचय पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपले खाते पाहता येईना. परंतु निधीने एक प्रत दुसऱ्या कंपनीकडेही ठेवली होती, आणि तिच्या साहाय्याने कारभार पूर्ववत झाला. कोरियात आगीने आणि ऑस्ट्रेलियात मनुष्याच्या चुकीने घात केला. दोहोंच्या परिणामांतील अंतर केवळ त्या दुसऱ्या प्रतीने पडले.

किल्लीची गोष्ट

चोरीचा धोकाही विसरता येत नाही. जून २०११ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या एका त्रुटीमुळे सुमारे चार तास कोणताही संकेतशब्द टाकून कोणतेही खाते उघडता येत होते. २०१२ साली त्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने दुसरीकडे वापरलेलाच संकेतशब्द येथे वापरला होता. त्यातून चोरांना वाट मिळाली, आणि ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांचा तपशील चोरीस गेल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. म्हणून एक संकेतशब्द दोन ठिकाणी वापरू नये आणि दुहेरी पडताळणी अवश्य सुरू करावी.

परंतु आपल्या गावांत चोरापेक्षा विस्मरणाने अधिक खाती बंद होतात. ज्या भ्रमणध्वनीवर पडताळणीचा क्रमांक येतो तो फोन क्रमांक बदलला जातो. जुना क्रमांक काही काळाने दुसऱ्याच कोणास मिळतो, आणि धनी आपल्याच दाराबाहेर उभा राहतो. क्रमांक बदलताच खात्यात नोंद करावी, आणि खाते परत मिळविण्याचे संकेतांक कागदावर लिहून घरच्या पेटीत ठेवावेत.

काय करावे

या अनुभवांचे सार मी थोडक्यात सांगतो.

पहिले, महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत निराळ्या ठिकाणी असावी. मेघसंचय ही त्या तिघींतील एक होय.

दुसरे, जोडणी आणि राखीव प्रत यांत भेद करावा. जोडलेल्या साठ्यात एका ठिकाणी पुसले की सर्वत्र पुसले जाते. राखीव प्रत वेगळी काढून ठेवलेली असते.

तिसरे, शाळेचे व पंचायतीचे साहित्य संस्थेच्या नावाच्या खात्यातच ठेवावे. बदलीच्या वेळी किल्ल्या व रजिस्टरे सोपविली जातात त्याच यादीत या खात्याचीही नोंद करावी.

चौथे, ‘डिजिलॉकर’चा उपयोग करावा. २०१५ साली सुरू झालेल्या या शासकीय सेवेत दाखला देणाऱ्या कचेरीकडूनच तो आपल्या खात्यात येतो, व असा दाखला नियमांनुसार मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे. आपण स्वतः चढविलेल्या प्रतिमेला मात्र हा दर्जा नाही.

पाचवे, मूळ कागद टाकून देऊ नये.

आणि शेवटचे, वर्षातून एकदा तपासणी करावी. मृगापूर्वी आपण घर शाकारतो, फुटके कौल बदलतो. त्याच सुमारास एक जुना कागद मेघसंचयातून काढून उघडून पाहावा. जो कागद परत काढता येत नाही, तो ठेवला आहे असे मानू नये.

मित्रहो, तुकोबारायांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली तरी ती लोकांच्या मुखी होती म्हणून टिकली, असे आपल्याकडे सांगतात. एका वहीवर तिचे भवितव्य अवलंबून नव्हते, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे. त्या शाळेत आता उरलेली रजिस्टरे पुन्हा प्रतिमाबद्ध करण्याचे काम चालू आहे. या खेपेस एक प्रत शाळेच्या खात्यात, एक कपाटातील तबकडीवर आणि एक गावच्या वाचनालयात राहणार आहे. आपापल्या गावी आपणही अशी व्यवस्था करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.