धडधाकट माणसाची तपासणी



मंचेरियलच्या परिसरात धडधाकट माणसाने डॉक्टरपुढे उभे राहणे ही नवी गोष्ट नाही. १९५५ च्या खाण नियमांत पुढे अशी तरतूद झाली की, कामगाराची भरतीच्या वेळी आणि त्यानंतर फार तर पाच वर्षांच्या अंतराने वैद्यकीय तपासणी व्हावी. श्रीरामपूर, मंदमर्री, बेल्लमपल्ली येथील सिंगरेणीच्या कामगारांच्या ती अंगवळणी पडली. परंतु त्याच कामगाराच्या पत्नीस किंवा गोदावरीकाठी शेती करणाऱ्या त्याच्या भावास तपासण्यास कोणी बोलावीत नसे. दुखले तर दवाखाना, एवढाच त्यांचा रिवाज.

२०१० साली असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे ३० वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांची तपासणी गावपातळीवर आणण्यात आली. त्यात रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग येतात. आशा कार्यकर्ती घरी येऊन वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, श्रम व घराण्यातील आजार विचारून गुण मांडते. गुण चारांहून अधिक भरले तर त्या व्यक्तीने तपासणीस आधी जावे.

खाणीतल्या तपासणीची एक सावली मात्र येथेही पडते. तेथे निकाल कामास योग्य की अयोग्य असा लागतो, आणि ज्याची रोजी त्यावर अवलंबून आहे त्याला आपला आकडा लपवावासा वाटला तर नवल नाही. आरोग्य केंद्रात असा निकाल नसतो. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला, तरी पाच मिनिटे स्वस्थ बसवून तो पुन्हा घ्यावयाचा असतो, आणि बहुधा दुसऱ्या दिवशीही. एका आकड्याने कोणी रोगी ठरत नाही.

खरे काम त्यानंतरचे आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून लोक महिन्याभरात गोळी सोडतात. रक्तदाब मात्र न दुखताच मूत्रपिंड व मेंदू बिघडवीत राहतो. ‘मीठ कमी करा’ एवढे सांगून भागत नाही. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी असावे आणि त्यात लोणचे व पापडही मोजावेत, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईस समोर बसवून सांगावे लागते. तेही तिच्या भाषेत. या भागात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू अशा भाषा शेजारी नांदतात. न समजलेला सल्ला हा न दिलेलाच.

तंबाखूचे प्रकरण वेगळे. कोळशाच्या खाणीत काडी पेटविण्यास मनाई असते, म्हणून विडीची तलफ तंबाखू चघळून भागविली जाते. अशा माणसाने तोंडात पांढरा वा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्वीइतके उघडते का, हे स्वतःच आरशात पाहावे. पंधरा दिवसांत न भरणारा व्रण दाखवावाच.

स्त्रियांना संकोच फार. परंतु मराठवाड्यात, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक खेडवळ स्त्रियांचा अभ्यास बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकदाच चाचणी केलेल्या गटात त्या रोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. सासूने सुनेसह यावे. ३० वर्षांवरील दोघींचीही तपासणी त्याच दिवशी होऊ शकते.