तीस फुटांची चूक

एव्हरेस्टची उंची १८५६ साली २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. तीही शंभराहून अधिक मैलांवरून मोजून. २०२० साली नेपाळ व चीन यांनी ती ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट ठरविली. चूक तीस फुटांची! केवढी वाटते, नाही का? पण ३० ला २९,०३२ ने भागून शंभराने गुणा. शेकडा ०.१, बस्स! उलट सुताराने ३६ इंची चौकट इंचभर अरुंद केली, तर चूक शेकडा २.८ भरते. (दार बसत नाही ते निराळेच.)

आमची मुले वजाबाकी बिनचूक करतात आणि भागतात मात्र मोजलेल्या आकड्याने. भाजक हवा खऱ्या मापाचा. वाढ-घट काढताना, आधीच्या आकड्याचा. चाराचे पाच झाले तर वाढ शेकडा २५, पाचाचे पुन्हा चार झाले तर घट २०च.