दिवाळीपुरता माणूस

दसऱ्याच्या आसपास बीड शहरांतील सुभाष रस्त्यावरच्या कापडदुकानांत नवे चेहरे दिसूं लागतात. अठरा-वीस वर्षांचा मुलगा, अंगांत इस्त्रीचा सदरा, गिऱ्हाइकांनीं उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालीत बसलेला असतो. त्याला मुद्दाम कोणी शिकविलेलें नसतें. थान कसें उलगडावें, पुन्हां त्याच चुणीवर घडी कशी बसवावी, भाव विचारला तर जुन्या नोकराकडे कसें पाहावें, एवढें दोन दिवसांत उमगलें म्हणजे पुरे. कांहीं मुलें सकाळीं महाविद्यालयांत जाऊन दुपारनंतर येतात. त्यांचा रोज अर्धा. करार सगळा तोंडी असतो. ‘तुळशीच्या लग्नापर्यंत येत जा,’ एवढ्या एका वाक्यांत नेमणूक, मुदत आणि निरोप तिन्ही उरकतात.

पुण्यामुंबईकडील श्रोत्यांस ही दिवाळीची नेहमींची गर्दी वाटेल. परंतु बीडच्या बाजाराचें वर्ष पंचांगावर जितकें चालतें तितकेंच कोयत्यावर चालतें. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी ह्या तालुक्यांतून दर वर्षीं लक्षावधि स्त्रीपुरुष ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात व पाडव्याच्या मागेंपुढें परततात. मुकादमाकडून मिळालेल्या उचलीचा कांहीं भाग निघण्यापूर्वींच कपडालत्ता, भांडीं व मुलांच्या चपला ह्यांत जातो. परत आल्यावर घरोघर लग्नें निघतात, आणि बस्ता बांधण्यासाठीं सबंध कुटुंब व्याहीमंडळींसह दुकानाच्या गादीवर येऊन बसतें. ह्या दोन लाटांच्या मध्यें पौष येतो आणि दुसऱ्या लाटेमागून आषाढ. पौषांत लग्नाचे मुहूर्त नाहींत; आषाढांत हातचा पैसा पेरणींत गेलेला. दुकानदार दिवाळीपुरताच माणूस ठेवतो तो ह्या हिशेबानें. त्यांत केवळ त्याचा कंजूषपणा शोधण्याचें कारण नाहीं.

मुलाच्या घरचा हिशेब मात्र निराळा असतो. ऊसतोडींत नवरा-बायको मिळून एक कोयता; एकट्या माणसाचा अर्धा कोयता. उचल बहुधा पावसाळ्यांतच ठरते व ती कोयत्याप्रमाणें मिळते. ज्या घरचा थोरला मुलगा आईबापांबरोबर फडांत उतरत आला आहे, त्या घरानें त्याला दुकानांत ठेवावयाचें म्हणजे त्याच्या वांट्याची उचल सोडावयाची. एकीकडे पांच-सहा महिन्यांचें खात्रीचें, पण अंग मोडणारें आणि कर्जानें जखडलेलें काम. दुसरीकडे सावलींतलें, पण पांच-सहा आठवड्यांचें. तुळशीचें लग्न लागल्यावर दुकानदारानें ‘आतां पाडव्याला ये’ म्हटलें, तर तोंवर टोळी गाड्या भरून केव्हांच गेलेली असते. ‘कायम’ ह्या शब्दाला अशा मुलाच्या मनांत जें वजन असतें, तें त्याच गादीवर शेजारीं बसून घड्या घालणाऱ्या, हातखर्चापुरतें कमावूं पाहणाऱ्या शहरी मुलाच्या मनांत कोठून असणार? दोघांना रोज मात्र सारखाच.

मग ठेवून कोणाला घेतात? गर्दींत जो चपळ तो राहिला, अशी मुलांची समजूत असते. ती बरीचशी फसवी आहे. दिवाळीच्या आधींच्या आठवड्यांत माल जवळजवळ आपोआपच खपतो; त्या धांदलींत कोणीही चपळ दिसतो. खरी पारख भाऊबीज झाल्यानंतरच्या रिकाम्या दुपारीं होते. उरलेला माल मोजणें, उन्हानें रंग उतरलेली साडी बाजूला काढणें, कोणत्या रंगाचा गठ्ठा तसाच पडून राहिला तें लिहून ठेवणें, संगणकावरील बिलांत कराची नोंद चुकली असल्यास ती हुडकून काढणें, हीं कामें कोणी न सांगतां जो करूं लागतो, त्याच्याविषयीं दुकानदार घरीं जेवतांना बोलतो. दुसराही एक गुण तेथें फार मोलाचा ठरतो. धारूरकडील एखादी आजी नऊवारी लुगडें मागते तेव्हां तिला काठ कसा हवा, नवरीच्या मामीला आहेराची साडी कोणत्या किंमतीच्या आंत पाहिजे आणि तें चारचौघांत तिला बोलवत कां नाहीं, हें त्याच मुलखांतल्या मुलाला चेहऱ्यावरून कळतें. तो ‘मावशी, ही बघा’ म्हणून नेमकी त्या किंमतीची घडी पुढें सरकवितो. पुढच्या लगीनसराईंत तीच बाई ‘मागच्या खेपेचा पोरगा कुठं गेला?’ असें विचारीत आली, कीं त्याची नोकरी दुकानदाराच्या मनांत पक्की झाली म्हणावयास हरकत नाहीं.

मनांत पक्की होणें निराळें आणि कागदावर पक्की होणें निराळें. दुकानाची किल्ली हातीं येते, बँकेंत भरणा करावयास पाठवितात, पाडव्याच्या वहीपूजनाला घरच्यासारखें बसवितात. हा मान खरा असतो. पण आषाढांत ‘महालक्ष्म्यांपर्यंत घरीं राहा’ असें सांगतांना ह्यांपैकीं एकही गोष्ट आड येत नाहीं.

दोनशें चाळीस दिवस भरले कीं माणूस आपोआप कायम होतो, असें बाजारांत सर्रास बोललें जातें. हें सरसकट खरें नाहीं. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यानें बारा महिन्यांतील २४० दिवसांच्या कामास वर्षाची अखंड सेवा मानलें होतें. त्यानें मिळे तें कपातीपूर्वींच्या नोटिशीचें व भरपाईचें संरक्षण. मोठ्या आस्थापनांच्या स्थायी आदेशांत २४० दिवसांनंतर कायम करण्याची तरतूद महाराष्ट्रांत आली खरी, पण चार-पांच नोकरांच्या दुकानापर्यंत ती पोंचत नव्हती. कामाचे तास व आठवड्याची सुटी ठरविणारा महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानें व आस्थापनांचा कायदाही प्रथम दहा वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसच पूर्णपणें लागू झाला. त्याहून लहान दुकानदारानें व्यवसायाची सूचना दिली कीं भागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशांत चार नव्या कामगार संहिता अमलांत आल्या व त्यांत लेखी नियुक्तिपत्रास महत्त्व मिळालें. तरीही लहान दुकानांत असें पत्र मागावयाचें म्हणजे मालकावर अविश्वास दाखविणें, ही भीड मुलाच्या मनांतून अद्याप गेलेली नसते. मागितलें तर उद्यांपासून येऊं नको म्हणतील, ही धास्ती त्याहून मोठी.

ज्या साखर कारखान्यांना ह्या मुलाचे आईबाप ऊंस तोडून घालतात, त्यांच्यांत ‘हंगामी कायम’ नांवाचा एक कामगारवर्ग आहे. शब्द ऐकावयास विचित्र वाटतो, पण व्यवस्था शहाणपणाची आहे. गाळप बंद असतां कामगार घरीं बसतो, त्या काळाचा कांहीं भत्ता त्याला मिळतो, आणि पुढल्या हंगामांत त्याची जागा त्याचीच असते. तोडणी कामगाराला अर्थातच ह्यांतलें कांहीं मिळत नाहीं. त्याचा व्यवहार मुकादमाशीं. कापडबाजाराचाही हंगाम ठरलेला, माणसेंही बहुधा तींच तीं. पौष व आषाढ ह्या दोन महिन्यांना अर्धा पगार, आणि पुढल्या दसऱ्याला बोलावण्याचें दोन ओळींचें पत्र, एवढा बोजा चांगल्या चालत्या पेढीस जड जाऊं नये. निदान अनुभवी माणूस दर वर्षीं गमावून नव्याला पुन्हां घडी शिकविण्यापेक्षां तो स्वस्तच पडेल.

श्रावण सरतां सरतां मुकादम दारीं येतो. अंगणांत बाजेवर बसून तो बापाला विचारतो, ‘यंदा एक कोयता धरूं कां दीड?’ बाप मुलाकडे पाहतो. मुलगा आंत जाऊन दुकानांत फोन लावतो.