दमण्याआधी चाला



मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं होतं, "मॅरेथॉनची तयारी कशी करायची ते मुलांना सांगा." मुंबईत मी फिजिओथेरपिस्ट आहे, नवख्या लोकांची ही तयारी करून घेते, म्हणून हा विषय. पण माझ्या या शाळेत उभं राहिल्यावर आधी आठवले ते आमचे पीटीचे सर. ते दुसऱ्या रांगेत बसलेत. सर, तुम्ही आम्हाला तारकर्लीच्या रस्त्याने पळवायचात. वायरी येईपर्यंत माझ्या बरगडीखाली कळ उठायची आणि मी कडेच्या गडग्यावर टेकायचे. तुम्ही सायकलवरून मागून यायचात आणि म्हणायचात, "बसा नको गो. चलत रव." पुढे गेलेल्या मुलांना तुम्ही कधी हसू दिलं नाहीत. तेव्हा शाळेला सभागृह नव्हतं, स्नेहसंमेलनाला मंडप आम्हीच घालायचो. पण चालणाऱ्या मुलीची लाज वाटून न घेणारे शिक्षक होते.

पुढे शिकताना जेफ गॅलोवे हे नाव कळलं. हे अमेरिकन धावपटू १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावले. १९७४ मध्ये नवख्यांचा वर्ग घेताना त्यांनी थोडं धावा, थोडं चाला, पुन्हा धावा, अशी पद्धत सुरू केली. सर दमल्यावर चालायला लावायचे, गॅलोवेंची पद्धत दमण्याआधीच लावते. सगळं मर्म त्यात आहे. दोन मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून, पाय ताजे असताना.

तारकर्लीला रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना तुम्ही पाहिलंच आहे. दोर ओढत माणूस वाळूवर वर येतो, मग दोर सोडून चालत पाण्याकडे जातो आणि पुन्हा दोर धरतो. त्या चालण्याला कुणी आळस म्हणत नाही.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. स्नायूंत साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. २००४ पासून भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीचा पेडर रोडचा चढ त्यानंतरच लागतो. सुरुवातीला जोरात सुटलेले कितीतरी जण तिथे कंबरेवर हात ठेवून उभे असतात. माझी माणसं चालत-धावत त्यांच्या बाजूने पुढे जातात. ललिता बाबरसारख्या जिंकणाऱ्या खेळाडू चालत नाहीत, हे खरं. पण आपल्यातल्या बहुतेकांना ती शर्यत जिंकायची नाही, धडपणे पुरी करायची आहे. शरीरशास्त्र आणखी बरंच आहे, ते राहू दे.

मला तुमच्याशी बोलायचंय ते वेगळंच. दहावीची मुलं हात वर करा. जूनमध्ये पहाटे चारला उठायला लागलेले आणि आता डिसेंबरात पुस्तक उघडवत नाही असे कितीजण आहेत? दमण्याआधी चाला! तासभर अभ्यास झाला की उठा, विहिरीवर जा, आजीशी बोला, परत या. दमून कोसळेपर्यंत थांबू नका. पहिल्या रांगेतल्या आयांनो, क्लासवरून आलेलं पोर खळ्यात बसलं तर त्याला लगेच हाक मारू नका. आणि मुलींनो, दहावीनंतर धावणं सोडू नका. लग्नानंतर, बाळंतपणानंतर पुन्हा सुरू करताना हीच पद्धत उपयोगी पडते. माझ्या गटात पन्नाशीला पहिल्यांदा धावलेल्या बायका आहेत. दमण्याआधी चाला, हे मी त्यांना रोज सांगते, तुम्हालाही दहा वेळा सांगेन.

उद्या सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर ओहोटीची कडक वाळू मिळेल. मी सहा वाजता तिथे आहे. बूट नसले तरी या, पाण्याची बाटली मात्र आणा. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. सर, तुम्हीही या, सायकल घेऊन.