गिरणगाव : श्रम कोणाचे, जमीन कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

गिरणगाव हे नाव सरकारदरबारी कोणी ठरविलेले नाही. लालबाग, परळ, डिलाईल रोड, नायगाव, वरळी या वस्त्यांना ते नाव तेथे राबणाऱ्या माणसांमुळे मिळाले. आज तेथे भोंगा वाजत नाही. ‘काळ बदलला, वस्ती बदलली’ असे म्हणून भांडवलदारी वृत्तपत्रे मोकळी होतात. आपल्याला मात्र विचारले पाहिजे : हा बदल कोणी घडविला, आणि कोणाच्या हितासाठी?

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या, तसा कोकणातील आणि घाटावरील कर्जबाजारी शेतकरी येथे आला. एकेका खोलीत अनेकांनी पाळीपाळीने पथारी टाकायची आणि खाणावळीत जेवायचे, हे त्याचे जिणे. १९२० नंतर सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील खोलीही जेमतेम १६० चौरस फुटांची.

याच दाटीतून वर्ग घडला. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्याच वेळी डॉ. आंबेडकरांनी, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात मज्जाव का, हा रोखठोक प्रश्न विचारला. जातीची भिंत चाळीत आणि गिरणीत दोन्हीकडे होती, हे विसरून वर्गाच्या एकजुटीची भाषा करता येणार नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाला पाठिंबा देताना परळमध्ये कॉ. कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या कलापथकाने या वस्तीला वाणी दिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही वस्ती आघाडीवर होती. म्हणूनच तिच्यावर घावही पडले : ५ जून १९७० रोजी येथील कम्युनिस्ट आमदार कॉ. कृष्णा देसाई यांचा खून झाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतील असंख्यांना पुन्हा कामावर घेतलेच नाही. पण केवळ संपामुळे गिरण्या बुडाल्या, हे म्हणणे खोटे आहे. कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीत अधिक नफा दिसू लागला, हे खरे कारण झाकले जाते. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती करण्यात आली. म्हणजे जेथे शेड उभी होती ती सारी जमीन वाटपातून सुटली! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली. एका शब्दाच्या फेरफाराने शहराची मैदाने आणि कामगारांची घरे आकसली.

या जमिनीवर मॉल, कचेऱ्या आणि मनोरे उभे राहिले. रस्ते आणि रेल्वेपूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. नफ्याच्या नगररचनेची किंमत अशी मोजावी लागते.

ही केवळ मुंबईची कहाणी नव्हे. इंदूरची हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. तेथील कामगारांना थकबाकी मिळण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. अर्धे आयुष्य सरले, कित्येक कामगार वाट पाहतच गेले. पण लढा सोडला नाही म्हणूनच पैसे मिळाले.

मुंबईतही लढा चालू आहे. ९ जुलै २०२५ रोजी गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. दूर शेलू-वांगणीला नव्हे, मुंबईतच घर द्या, ही त्यांची मागणी. ही भिक्षा नव्हे. ज्यांच्या घामाने हे शहर उभे राहिले, त्यांचा तो हक्क आहे. आपल्या शहरातील बंद गिरणीची जमीन कोणाच्या ताब्यात गेली, कामगारांचे काय देणे राहिले, याचा शोध प्रत्येक शाखेने घ्यावा आणि त्या प्रश्नावर माणसे संघटित करावीत. गिरणगावाची आठवण जागविण्याचा दुसरा मार्ग नाही.

लाल सलाम!