पळायला कारण कशाला हवं?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ग्रामसंघांच्या एकत्रित मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. मेळाव्याला येता न आलेल्या ताईंसाठी छापत आहोत.)



मला आज विषय दिलाय आरोग्याचा. दशसूत्रीत आरोग्य आहे, ते आपण बैठकीत म्हणतोही. पण गोळ्या-औषधांवर मी बोलणार नाही, त्यासाठी आशाताई आहेत. मी बोलणार आहे पळण्यावर. गेली चार वर्षं मी हौस म्हणून शर्यतींमध्ये पळते. आधीच सांगून टाकते, माझा नंबर आजवर कधी आलेला नाही. घरी मेडलं आहेत, पण ती शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला देतात. तेव्हा मी काही मोठी खेळाडू म्हणून इथं उभी नाही.

कॉलेजात असताना पुण्यात पहिली शर्यत पळाले, पाच किलोमीटरची. पुढं नोकरीमुळं तुमच्या भागात आले आणि इथल्या रस्त्यांवर सराव सुरू केला. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. पारगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेनं पळत होते. दुधाची गाडी घेऊन एक काका आले, गाडी थांबवली आणि म्हणाले, "ताई, काय झालं? कुणी मागं लागलंय का? बसा, सोडतो." काका भले माणूस. मी म्हणलं, "काही नाही काका, व्यायाम करतेय." त्यांनी मागं बघितलं, पुढं बघितलं, आणि "बरं" म्हणून गेले. पटलं काही नसावं.

काकांचं काही चुकलं नाही. बाई पळताना दिसली म्हणजे काहीतरी घडलेलं असणार, अशीच आपल्याकडं समजूत आहे. कारण असलं की बाई पळते, आणि कुणी काही म्हणत नाही. टँकर आला की आपण हंडे घेऊन पळतो. एसटी सुटायला लागली की पळतो. वाळवण घातलंय आणि आभाळ आलं की पळतो. देवासाठीसुद्धा पळतो. तुकोबांची पालखी आपल्या यवत-वरवंडवरून पुढं बारामतीकडं जाते. इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण होतं, तिथं डोक्यावर तुळस घेऊन बायका साडी नेसून धावतात. साठीच्या बायका असतात त्यात. तिथं कुणी विचारत नाही की या वयात काय हे. उलट लोक हात जोडतात.

म्हणजे पळायची ताकद आपल्यात आहे आणि लोकांना ती दिसतेही. फक्त कारण लागतं, आणि ते कारण दुसऱ्या कुणाचं तरी असावं लागतं. घराचं, लेकरांचं, देवाचं. स्वतःसाठी अर्धा तास पळते म्हणलं की प्रश्न सुरू.

आता तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असलेलं एक नाव घेते, लता करे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी आपल्या शेजारच्या बारामती तालुक्यात आलेल्या. मजुरी करायच्या. नवरा आजारी पडला, तपासणीला पैसे हवे होते आणि जवळ नव्हते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या शर्यतीला रोख बक्षीस आहे असं त्यांना कळलं. साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी धावली आणि पहिली आली. पुढंही त्यांनी ती शर्यत जिंकली. त्यांच्यावर 'लता भगवान करे' नावाचा सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचंच काम केलं, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये त्याबद्दल त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ही गोष्ट ऐकली की आपल्या अंगावर काटा येतो. येऊ द्या. पण मला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की सराव नाही, बूट नाहीत, तरी ती बाई जिंकली. आयुष्यभराच्या कष्टानं पाय तयार होते. दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. नवऱ्याच्या तपासणीसाठी बाईला शर्यत जिंकावी लागते, ही कौतुक करून सोडून द्यायची गोष्ट नाही. ती दुसरी आली असती तर? म्हणूनच आपण बचत करतो, अंतर्गत कर्ज देतो, ग्रामसंघात अडीअडचणीचा निधी ठेवतो. आपल्या गटातल्या कुणा ताईवर दवाखान्याच्या पैशासाठी पळायची वेळ येऊ नये, हे आपलं काम आहे. आणि ती पळालीच, तर मनाला वाटलं म्हणून पळावी.

तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर रानात राबतो, वेगळा व्यायाम कशाला? बरोबर आहे, अंगाला कष्ट भरपूर आहेत. पण खुरपणी असो, कांदा काढणी असो, तासन् तास एकाच जागी वाकून. कंबर, गुडघा, मान धरते. छाती भरून एका लयीत श्वास घेतलाय असं त्यात क्वचित होतं. दुसरं असं, की कामात आपलं लक्ष कामाकडं असतं. पळताना पहिल्यांदा कळतं की आपल्याला दम किती लागतो, पाय कुठं दुखतो, रात्री झोप झाली होती का. शरीराचा हिशोब आपणच बघायला लागतो. आपल्या वह्या आपण चोख ठेवतो, मग या हिशोबाचं पानही कोरं राहू नये.

आता शर्यतीबद्दल थोडं. खरी मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर. त्याच्या निम्मी ती हाफ मॅरेथॉन. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते. आपल्याकडं गावोगाव 'मॅरेथॉन' म्हणून जे बोर्ड लागतात, त्या बहुतेक तीन, पाच किंवा दहा किलोमीटरच्या शर्यती असतात. तेव्हा नावाला घाबरू नका. नाव नोंदवलं की छातीवर लावायला नंबर मिळतो. तो नंबर लावला ना, की माणूस बदलतो. कुणाची सून, कुणाची आई म्हणून कुणी ओळखत नाही. दोन-अडीच तास तुम्ही फक्त तुमच्या नंबरच्या असता.

हा नंबर बायकांना सहज मिळालेला नाही, बरं का. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे. बायकांची सुरू झाली १९८४ साली. तोवर बायकांना एवढं अंतर झेपणार नाही असं मोठमोठे लोक म्हणत. अमेरिकेत बोस्टनला १९६७ साली कॅथरीन स्विट्झर नावाची मुलगी नंबर लावून पळत होती, तर एक अधिकारी भर रस्त्यात तिचा नंबर ओढायला धावला. तिनं शर्यत पूर्ण केली. आणि आपल्याकडचं बघा. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, दुष्काळी भागातली शेतकऱ्याची मुलगी, २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. नाशिककडच्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत, तिनं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक आणलं. या आपल्यासारख्याच गावांतल्या मुली.

इथल्या शर्यतींत सगळं गोड असतं असं नाही. एका ठिकाणी, गावाचं नाव घेत नाही, बायकांची शर्यत सगळ्यात शेवटी ठेवली. सकाळी सातला बोलावलं आणि साडेअकराच्या उन्हात पळवलं. तोवर बायकांना जायला संडास नाही, पाणी संपलेलं. माईकवरचे भाऊ म्हणत होते, "सावकाश ताई, पडाल." पुरुषांना रोख बक्षीस आणि बायकांना साडी. साडी वाईट नाही, पण रोख पैसे बाईच्या हातात दिले तर ती त्याचं काय करते, हे आपल्या गटांना विचारा.

तरी मी सांगेन, जा. आणि का ते आपल्याच एका गटातल्या काकूंचं सांगते. नाव घेतलेलं त्यांना आवडायचं नाही. वय पन्नाशीचं. गटातल्या पाच जणींनी मिळून तीन किलोमीटरला नाव दिलं. घरी सांगितलं, "गटाची स्पर्धा आहे, सराव करावा लागतो." गटाचं म्हणल्यावर कुणी अडवलं नाही. दोन महिने पाच जणी शाळेच्या मैदानावर जायच्या. शर्यतीत काकू शेवटून दुसऱ्या आल्या आणि नातवानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी निघाल्या तर घरचे म्हणाले, "झाली ना शर्यत, आता कशाला?" काकू मला म्हणाल्या, "ताई, शर्यत झाली, पण तो अर्धा तास माझा होता. तो परत कसा मागू?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी आज तुमच्यासमोर ठेवायला आलेय. शर्यत हे कारण आहे, पण ते एकदाच चालतं. शर्यत संपली की कारण संपतं आणि अर्धा तास पुन्हा घराच्या खात्यात जमा होतो. एकट्या बाईनं रोज घरी भांडून तो मिळवावा हे होणार नाही. बचतीचं आठवा. एकटीनं पैसे मागं टाकलेले घरात खपून जायचे. गटाचा नियम झाला, तेव्हा ते शिल्लक राहायला लागले. वेळेचं तसंच आहे. गटानं ठरवला तरच राहील.

कसं करायचं ते सांगते. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. पहिल्या दिवशी पळत सुटायचं नाही. दहा मिनिटं झपझप चालायचं. मग रस्त्याकडेचा विजेचा एक खांब ते दुसरा खांब हळू पळायचं, पुढचे दोन खांब चालायचं. दोन आठवड्यांनी एक पळायचं, एक चालायचं. नंतर दोन पळायचं, एक चालायचं. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येईना, तर वेग जास्त आहे. दोन-अडीच महिन्यांत तीन किलोमीटर होतात. साडी असो, ड्रेस असो, तुमची सोय बघा. आतून घट्ट आधार देणारा कपडा घाला, पायात मापाचे बूट घाला. बूट महागडे नकोत, पण चपलेवर पळू नका.

त्याआधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे इथं बसलेल्या दोघींतली एक. आकडा बाराच्या खाली असेल तर आधी गोळ्या आणि चालणं, पळणं नंतर. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण किंवा नुकतं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं.

आणि बिबट्या. हसू नका, आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस आहे, नदीकाठ आहे. शहरातले लोक पहाटे पाचला पळतात, ते आपल्याकडं चालणार नाही. चांगलं उजाडल्यावरच, आणि एकटीनं कधीच नाही. उसाच्या कडेचा रस्ता सोडून शाळेचं मैदान बघा. रस्त्यानं पळालात तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूनं पळा. कारखाने सुरू असताना ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, त्या आल्या की खाली उतरून थांबा.

पण उजाडल्यावरची वेळ म्हणजे डबे, धारा, पाण्याची वेळ. खरी अडचण बिबट्याहून इथं मोठी आहे. तेव्हा प्रत्येक गटानं आपली वेळ काढावी. पोरं शाळेत गेल्यावर म्हणा, नाहीतर दुपारनंतर धारेच्या आधी. आणि त्या अर्ध्या तासात घरातलं कोणतं काम कोण करेल, हे घरी गटाच्या नावानं सांगा. "ठरावात आहे" म्हणा.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटानं वार आणि वेळ ठरवून इतिवृत्तात लिहावी. हजेरी जशी घेतो तशी याची घ्यावी. आणि येत्या ८ मार्चला आपल्या संघाची तीन किलोमीटरची शर्यत आपणच घेऊ. सकाळी लवकर, वेळेवर, पाणी आणि संडासाची सोय करून, वयाचे गट पाडून, बक्षीस रोख. चालत पूर्ण करणारीलाही नंबर आणि टाळ्या. ९ मार्चला ठरल्या वेळी पुन्हा मैदानावर यायचं, हेही त्याच ठरावात लिहू.

त्या काकूंचा गट सध्या मंगळवार, गुरुवार, शनिवार जातो. पाचाच्या आता नऊ झाल्यात. कुणाला बघायला यायचं असेल तर मला सांगा, मी घेऊन जाते.